रतनवाडीत तीन दिवस: बाबांना कात्राबाईच्या वाटेवर नेता येईल का?

कुंदा_डोंबिवली · 8 डिसेंबर

नमस्कार मंडळी. 26 ते 29 डिसेंबर आम्ही तिघं भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीला चाललो आहोत. मी, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबांचं वय 66. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, दम चांगला आहे, पण उजवा गुडघा उतारावर त्रास देतो. चढताना काही नाही, उतरताना थांबत थांबत यावं लागतं. राहायची सोय गावातल्याच एका घरी झाली आहे.

रतनगडाबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं. माझा प्रश्न वेगळा आहे. बाबा 1979 च्या जानेवारीत कॉलेजच्या मित्रांबरोबर रतनगडावरून हरिश्चंद्रगडाला चालत गेले होते. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथे कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी मुळा नदी ओलांडून पाचनई. त्या वाटेबद्दल ते इतक्या वेळा बोलले आहेत की मला ती न बघता पाठ झाली आहे. आई गेल्यापासून घराबाहेर फारसे पडत नव्हते. या वेळी स्वतःहून म्हणाले, "रतनवाडी म्हणतेस तर खिंडीपर्यंत जाऊन येऊ."

पूर्ण वाट चालायचा विचार नाही. फक्त खिंडीपर्यंत जाऊन परत रतनवाडीत यायचं. हे या गुडघ्यावर जमेल का? वाट सापडते का आपली आपल्याला? आणि उरलेल्या दोन दिवसांत मुलीसाठी गावाच्या आसपास काय चालण्यासारखं आहे? सांदणची घळ ऐकून आहे, पण ती तिला झेपेल का, कळत नाही.

गोदाकाठ · 8 डिसेंबर

कुंदाताई, बाबांना नक्की न्या. मी नाशिकची. 1991 पासून त्या खोऱ्यात जाते आहे, लग्नाआधी भावाबरोबर, नंतर मुलांबरोबर, आता मैत्रिणींबरोबर. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आधी वाटेबद्दल. रतनवाडीतून निघालात की पहिला पाऊण तास जवळजवळ सपाटीचा आहे. प्रवरेचा ओढा उजव्या-डाव्या हाताला घेत, दोन-तीनदा ओलांडत वाट जाते. हीच ती प्रवरा, जी पुढे भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि तिथून अकोले, संगमनेरकडे उतरते. इथे मात्र ती एका उडीत ओलांडता येते. डिसेंबरअखेर पाणी घोट्याएवढं असतं, दगड शेवाळलेले. बाबांच्या हातात काठी हवीच. मग रान सुरू होतं आणि चढ लागतो. उभा आहे, पण सावलीतला आहे. रतनवाडीपासून दीड-दोन तासांत तुम्ही फाट्यावर पोचता. उजवीकडची वाट रतनगडाच्या शिड्यांकडे चढते. डावीकडची कात्राबाईकडे. तिथून खिंड आणखी दीड-दोन तास, रमतगमत गेलात तर अडीच. म्हणजे जाऊन-येऊन सात-आठ तासांचा दिवस धरा आणि सकाळी सातला घर सोडा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि त्या रानात पाचलाच काळोखी येते.

गुडघ्याचं म्हणाल तर खिंडीच्या तोंडाशी शेवटचा टप्पा घसाऱ्याचा आहे. चढताना जाणवत नाही, परतताना बारीक मुरूम पायाखालून सरकतो. तिथे बाबांना दोन काठ्या द्या आणि पुढे कुणीतरी आडवं पाऊल टाकत चाला. तेवढं पन्नास-साठ पावलांचं काम सोडलं तर बाकी उतार त्यांना जमेल.

आता "आपली आपल्याला सापडते का". रतनगडाची सापडते, वर्दळीने मळलेली आहे. कात्राबाईची नाही सापडत. हे मी भोगून सांगते आहे.

2006 चा जानेवारी. भाऊ आणि मी, दोघंच. तोपर्यंत त्या वाटेने मी तीनदा गेले होते, त्यामुळे वाटाड्या घ्यायची गरज वाटली नाही. फाटा बरोबर घेतला. पुढे एका पठारावर वाट दोन ठिकाणी फुटते, तिथे मी ठामपणे रुंद वाट धरली. छान मळलेली होती. अर्ध्या तासाने कारवी अंगाला लागायला लागली. वाळलेली कारवी, काटक्यांसारखी, शर्टाच्या बाह्या ओरबाडत होती. खाली बघावं तर वाट स्पष्ट, समोर बघावं तर फांद्या तोंडावर. वाकून चालत राहिलो. शेवटी एका मोकळ्या जागी वाट संपली. खुरांचे ठसे, वाळलेलं शेण, एक पाणवठा, पुढे कडा. साडेचार वाजले होते. भाऊ काही बोलला नाही, पण त्याने बाटलीतलं पाणी किती उरलं ते हलवून बघितलं, ते मला अजून आठवतं.

तेवढ्यात घंटीचा आवाज आला. गुरं वळायला आलेली एक आजी. डोक्यावर मोळी, हातात कोयता, पायात काही नाही. आम्हाला बघून थांबली आणि म्हणाली, "बाई, ही वाट गाईची. माणसाची वाट मागं राहिली." आम्हाला परत फाट्यापर्यंत घेऊन आली आणि चालता चालता जे दाखवलं ते तीस ट्रेकमध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं. ढोरवाट खालून मोकळी असते आणि वरून बंद. गुरांच्या पाठीच्या वर काय आहे त्याच्याशी गुरांना घेणं नाही. माणसाची वाट डोक्याच्याही वर हातभर मोकळी असते, कारण बायका डोक्यावर मोळी घेऊन त्या वाटेने येतात. ओझ्याला अडेल ती फांदी जो तो कोयत्याने तोडत जातो. आजीने ऐनाच्या झाडाच्या एका फांदीवरचे घाव दाखवले. काही जुने, काळे पडलेले, त्यांच्या कडा साल भरून येऊन गोल झालेल्या. एक ताजा, आत लालसर. "हा माझा," म्हणाली.

तेव्हापासून शंका आली की मी पायाखाली बघत नाही, वर बघते.

पण कुंदाताई, हे कळलं म्हणून मी आता एकटी जाते असं नाही. त्या दिवसापासून कात्राबाईला गावातलं माणूस घेतल्याशिवाय गेले नाही. ज्या घरी राहणार आहात तिथेच सांगा, तेच कुणीतरी देतील. या वाटा आपल्या ट्रेकसाठी झालेल्याच नाहीत. हिरडा गोळा करायला, गुरं चारायला, सोयरिकीला कुमशेतला जायला, करोली घाटाने खाली कोकणात उतरायला म्हणून त्या पडल्या. ज्यांच्या पावलांनी वाट झाली त्यांना पुढे चालू द्यावं. आणि त्यांच्याबरोबर चाललं की वाट बोलायला लागते. कुठल्या झाडाखाली पाणी आहे, कुठल्या दगडावर बसून हिरड्याची पोती मोजतात, कुठे पावसात ओढा माणसं अडवून ठेवतो, हे सगळं त्यांच्या तोंडून येतं.

मुलीबद्दल. सांदणला न्या, पण साम्रदकडून वरच्या बाजूनेच. रतनवाडीहून साम्रद गाडीने जवळ आहे, धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावरचं पुढचं गाव. गावातून अर्ध्या तासात घळीचं तोंड. आत दोन्ही बाजूंना कातळ सरळ उभे, आणि वर आभाळाची एक पट्टी. वाट म्हणजे एकावर एक पडलेल्या शिळा. पहिलं पाणी लागतं तिथून पुढे जायचं की नाही ते गावकऱ्याला विचारून ठरवा. डिसेंबरात काही वर्षी मांडीपर्यंत असतं, काही वर्षी लहान मुलाच्या छातीपर्यंत, आणि बर्फासारखं गार. खालच्या टोकाला दोर लावून उतरावं लागतं, तो मुलीचा किंवा बाबांचा रस्ता नाही. पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन परत आलात तरी ती वर्षभर बोलेल.

शेंडीकडचा · 9 डिसेंबर

मी त्याच खोऱ्यातला. आता कामाला पुण्यात, पण घर, शेत, आई-बाप तिकडेच. गोदाकाठ ताईंनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. घावाचं खरं आहे. आमच्याकडे लहानपणी सांगायचे, वाट सोडू नको आणि वाट बुजू देऊ नको. जाणाऱ्याने दोन फांद्या तोडायच्या, एक दगड बाजूला करायचा. आता पोरं नाशिक-पुण्याला गेली, रानात जाणारे कमी झाले, तर काही वाटा खरोखर बुजल्या. माझ्या आजोबांनी दाखवलेली एक वाट दोन वर्षांपूर्वी मला सापडली नाही.

चार गोष्टी सांगतो, मनापासून.

गावात आल्यावर ओढ्यात साबण लावून अंघोळ करू नका, खाली माणसं तेच पाणी भरतात. डिसेंबरात भात निघालेलं असतं पण खाचरांत हरभरा, मसूर उभा असतो. बांधावरून चाला. अंगणात, ओसरीवर काही वाळत घातलं असेल तर ते ओलांडू नका.

जेवण गावातल्या घरीच घ्या आणि आदल्या रात्री सांगा. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी. खुरासणीची चटणी आवर्जून मागा, पाहुण्याला आवडेल की नाही म्हणून बायका आपणहून वाढत नाहीत. वाटाड्याबरोबर पैशाचं आधी बोला, आणि त्याचं जेवणही तुमच्याबरोबर बांधून घ्या. पुष्कळ लोक दिवसभर माणूस नेतात आणि दुपारी त्याच्यासमोर बसून डबा खातात. आमचा माणूस मागणार नाही. ते बघून वाईट वाटतं.

रानात विस्तव नको. अभयारण्य आहे, आणि डिसेंबरपासून गवत वाळायला लागतं. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, अत्तर-सेंट लावून जाऊ नका.

आणि बाबांना कुमशेतच्या ओसरीची आठवण असेल तर वाटाड्याला नक्की सांगा. कुमशेतचं आणि आमचं पाहुणेपण आहे. कुणाकडे उतरले होते ते निघेलही.

घाटवाटा_ठाणे · 9 डिसेंबर

वरच्या दोघांनी बहुतेक सांगितलंय, मी फक्त रतनगडापुरतं लिहितो. तिसऱ्या दिवशी बाबांना आराम द्यायचा असेल तर तुम्ही आणि मुलगी वाटाड्याबरोबर गडावर जाऊन या. गड 1297 मीटर, गावापासून पाचशे मीटरच्या वर चढ. लोखंडी शिड्या पक्क्या आहेत पण माकडं तिथेच टपलेली असतात. हातात खाऊची पिशवी धरून शिडी चढू नका, सगळं सॅकमध्ये बंद. मुलगी पुढे, वाटाड्या तिच्या लगेच मागे, तुम्ही शेवटी. गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा, कोकण दरवाज्यावरून खालचं कोकण, टाकी, आणि सगळ्यात वर नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. नेढ्यात बसलात की एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे गड आणि 1646 मीटरचं कळसूबाई. दुसरीकडे कात्राबाई आणि आजोबाचा डोंगर. वारा फार असतो, मुलीचा हात सोडू नका.

त्र्यंबक दरवाज्याने साम्रदला उतरायचा मोह होईल. पायऱ्या गुडघाभर उंच आणि काही तुटलेल्या आहेत. मुलीची पहिली वेळ असेल तर आल्या वाटेनेच परत या.

कुंदा_डोंबिवली · 10 डिसेंबर

तिघांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. मोळीचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आम्ही पण 79 ला तिथेच चुकलो होतो. मला वाटायचं आम्हीच चुकलो." ताई, एक विचारू का? खिंडीपर्यंत नाहीच जमलं तर कुठून परत फिरावं? त्यांना "आपल्यामुळे अर्धवट राहिलं" असं वाटायला नको.

गोदाकाठ · 10 डिसेंबर

हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगलं केलंत. माझ्या आईच्या वेळी मी हा विचार केला नव्हता आणि तिला निम्म्या वाटेवरून आणताना तिचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे.

घरातून निघतानाच दोन मुक्काम ठरवा, खिंड हा एकच नाही. पहिला मुक्काम फाटा. तिथे बसायला ऐसपैस जागा आहे. डबा तिथेच उघडा, निवांत अर्धा तास बसा. बाबांचा गुडघा कसा आहे ते तिथे कळेल, आणि तिथून परतलात तरी जेवून परतलेलं असाल, हरून नाही. पुढे निघालात तर घड्याळ बघा. एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. खिंड समोर दिसत असली तरी. हे वाटाड्याला आधी सांगून ठेवा आणि बाबांच्या देखत सांगा, म्हणजे ती वेळेची गोष्ट होते, त्यांच्या गुडघ्याची राहत नाही.

आणि पहिल्या दिवशी दुसरं काही करू नका. दुपारी पोचाल, संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात जा. देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. बाहेरच्या दगडावर कोरीव काम इतकं दाट आहे की मुलीला एकेक ओळ शोधायला सांगा, तासभर रमेल. जवळच पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. पायऱ्यांवर बाबांना बसवा. संध्याकाळी ऊन रतनगडाच्या खुट्ट्यावरून, म्हणजे शेजारच्या सुळक्यावरून, उतरतं आणि पाणी काळं होत जातं. मी दर वेळी तिथे बसते. माझा भाऊ गेला त्या वर्षीही जाऊन बसले होते.

मोबाइलचा भरवसा धरू नका, घरच्यांना तसं सांगून निघा. आल्यावर इथे लिहा. वाट बघते.

कुंदा_डोंबिवली · 31 डिसेंबर

परवा रात्री परत आलो. आधी इथे लिहिते आहे, बॅगा तशाच पडल्या आहेत.

27 ला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निघालो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांचे चुलते आले बरोबर. साठीचे, म्हणजे बाबांच्याच आसपासचे. पहिला ओढा ओलांडेपर्यंत दोघंही "साहेब", "मामा" करत होते, फाट्यावर पोचलो तेव्हा एकमेकांना अरे-तुरे चाललं होतं. डबा तिथेच उघडला. भाकऱ्या चार जणांच्या बांधून घेतल्या होत्या. चटणी मागितली तेव्हा घरातल्या मावशींना खरंच नवल वाटलं.

खिंडीत पोचलो नाही. एक वाजला तेव्हा घसाऱ्याच्या खाली होतो. वर खिंडीची खोबण आणि तिच्यातून येणारं आभाळ दिसत होतं. मी काही बोलायच्या आधी बाबांनीच घड्याळ बघितलं आणि एका खडकावर बसले. मामा वर जाऊन पलीकडे बघून आले, म्हणाले कुमशेतची घरं दिसतायत, धूर निघतोय. बाबांनी त्यांना तीनदा विचारलं, किती घरं दिसली. 79 मधली ओसरी कुणाची ते नाही निघालं. पण मामांच्या आईचं माहेर कुमशेतचं. त्या वर्षी रतनवाडीकडून पोरं आली होती आणि त्यांतल्या एकाचा बूट फाटला होता, असं त्यांनी ऐकलेलं होतं. बाबांच्या गटात कुणाचा बूट फाटला होता का, ते बाबांना आठवत नाही. दोन दिवस ते जुन्या मित्रांना फोन करत आहेत.

सांदणला पहिल्या पाण्यापर्यंत गेलो. मुलीच्या कमरेपर्यंत होतं. पाय घातला आणि ओरडली, तिचा आवाज पुढे कुठेतरी जाऊन परत आला. मग तिने मुद्दाम आणखी चार वेळा ओरडून बघितलं.

गोदाकाठ ताई, एक तुमच्यासाठी. परत येताना पठारावर वाट फुटते तिथे मामा मुद्दाम थांबले आणि बाबांना म्हणाले, तुम्ही सांगा कुठली. बाबांनी दोन्हीकडे बघितलं. मग काठी डोक्यावर सरळ उभी धरली आणि उजव्या वाटेवर दहा पावलं चालून गेले. काठी फांदीला अडली. तसेच मागे आले आणि डावीकडच्या वाटेला लागले, काठी वर धरूनच. मामांनी माझ्या मुलीच्या हातात कोयता दिला, तिचा हात धरला आणि वाटेवर झुकलेली एक बारीक फांदी तिला तोडायला लावली.

गोदाकाठ · 31 डिसेंबर

फांदी कशाची होती?

कुंदा_डोंबिवली · 31 डिसेंबर

ऐनाची. मुलीने मामांना विचारून घेतलं.